खडकमाळावरच्या सहा छत्र्या

८ नोव्हेंबर १९८१, रविवार

आज अकरा वेळा पडलो. मुद्दाम पडलो, आणि पडल्याबद्दल शाबासकी मिळाली.

वाचनालयाच्या फळ्यावर मागच्या आठवड्यात एक कागद लागला होता. नाशिकमध्ये एक नवा क्लब हवाई छत्रीनं उडी मारायला शिकवणार, वय अठरा ते पस्तीस, धडधाकट माणसांनी रविवारी सकाळी सातला दिंडोरी रस्त्याच्या आतल्या खडकमाळावर यावं. मी एकोणतीस वर्षांचा, पाटबंधारे खात्यात कारकून. धडधाकट आहे असं समजून गेलो.

अकराजण जमलो होतो. शिकवणारे सुभेदार खंडेराव, लष्करातून निवृत्त. डाव्या पायानं किंचित लंगडतात. त्यांनी दोनशेच्या वर उड्या मारल्या आहेत. पहिलंच वाक्य बोलले, "उडी कुणीबी मारतो. जमिनीला भेटायचं कसं ते मी शिकवणार." लाकडाचा आठ फुटांचा ओटा केला आहे, त्यावरून खाली भुसभुशीत मातीत उडी. दोन्ही पाय जुळलेले, गुडघे जरा वाकलेले, हनुवटी छातीला. पाय टेकले की अंग एका कुशीवर सोडून द्यायचं, पोटरी, मांडी, कुल्ला, खांदा अशा क्रमानं. पाय फाकले की ओरडतात. एक पाय पुढं काढून जमीन शोधली तर फारच ओरडतात.

क्लबचे अध्यक्ष आबासाहेब जीपमधून आले होते. मोटारींच्या सुट्या भागांची त्यांची एजन्सी आहे. सगळ्यांशी हसून बोलले. माझं नाव विचारलं, मग आडनाव विचारलं, मग राहता कुठं ते विचारलं. सांगितलं. "छान, छान," म्हणाले.

ऑफिसात मिळालेली ही डायरी दहा महिने कोरी पडली होती. यापुढे माळावरचं लिहीन.

१७ नोव्हेंबर

उजवी मांडी काळीनिळी झाली आहे. लता हळद गरम करून लावते, बोलत काही नाही. आई बोलते.

"वर जायाचं आन् परत खालीच यायाचं. मंग जातोस कशाला?"

मी म्हणालो, "मधल्या वेळेसाठी."

"मधी काय हाय?"

कॉलेजात एन.सी.सी.त असताना मी आग्र्याच्या पॅराशूट कोर्ससाठी निवडला गेलो होतो. ट्रंक भरून झाली होती. दोन दिवस आधी नाव कटलं. वजन दोन किलो कमी भरतं म्हणाले. माझ्या जागी दुसरा मुलगा गेला. तेव्हापासून मी रोज दोन केळी खातो, असं लताला सांगितलं की ती पूर्वी हसायची. आज तिनं विचारलं, "तुमच्या जागी गेला त्याचं वजन किती होतं?" मी कधी विचारलंच नव्हतं.

१३ डिसेंबर, रविवार

मी क्लबचा सचिव झालो! आबासाहेबांनीच नाव सुचवलं. दिल्लीला, मुंबईला, विमानवाल्यांना पत्रं लिहायची आहेत आणि माझं टायपिंग चांगलं आहे. बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या.

बहिरू म्हणाला, "आता तुझ्याशिवाय इमान उडायचं नाय." बहिरू घोटीहून येतो, तिथल्या भाताच्या गिरणीत कामाला आहे. पहाटेची गाडी धरतो आणि अंगात तांदळाच्या कोंड्याचा वास घेऊन येतो. तो ओट्यावरून पडतो तेव्हा "आई गं" म्हणतो, आणि सुभेदार त्याला परत वर पाठवतात.

७ फेब्रुवारी १९८२, रविवार

छत्र्या आल्या. सहा. लष्करानं मोडीत काढलेल्या, पण सुभेदार म्हणतात दोनेकशे उड्या अजून सहज निघतील. गावच्या शाळेच्या लांब खोलीत पहिली उघडली तेव्हा ती भिंतीपासून भिंतीपर्यंत पसरली, हिरवी. जुन्या कापडाचा, दमटपणाचा, थोडा घासलेटचा वास. बहिरू वाकला आणि कापड गालाला लावून पाहू लागला. सुभेदार ओरडले नाहीत.

आता आम्ही आठच उरलो आहोत. विमान कधी येणार हे सांगता येत नाही म्हटल्यावर तिघं गळाले.

१४ मार्च, रविवार

घडी शिकलो.

कापडाच्या पाकळ्या एकावर एक लावायच्या, डावीकडच्या डावीकडं, उजवीकडच्या उजवीकडं. प्रत्येक पाकळीवरून हात फिरवून हवा काढायची. मग दोऱ्या, नागमोडी, एकेक रबरात अडकवत. एकही दोरी दुसरीवरून जाता कामा नये. शेवटी सगळं पिशवीत. वरच्या पट्ट्याचं दुसरं टोक विमानात अडकवलेलं असतं. माणूस बाहेर पडला की पट्टा पिशवी ओढतो, दोऱ्या सुटतात, छत्री भरते. तोवर आपण मोजायचं: एक हजार, दोन हजार, तीन हजार. तीनला खांद्यांवर झटका बसला पाहिजे. चार झाले तर वर बघायचं. पाच झाले तर पोटावरची छोटी राखीव छत्री ओढायची; त्या विमानाबरोबर बांधूनच येणार आहेत.

माझी घडी सुभेदारांनी तीनदा उघडून पाहिली. मग सगळ्यांना बोलावलं. "हे बघा. असा हात पाहिजे." आणि मला म्हणाले, "आमच्या पलटणीत कायदा होता, सहादू. घडी करणाऱ्याला कुणीबी, कदीबी म्हणू शकतो, ही घाल आणि मार उडी. नाही म्हणला तर त्याला घडीच्या खोलीत पाय ठेवू देत नसत."

मी म्हणालो, "मी कुठल्याही घडीवर उडी मारीन."

"म्हणून तर सांगतोय."

आजच्यासारखा दिवस माझ्या आयुष्यात फार वेळा आलेला नाही.

९ मे, रविवार

सात रविवार आम्ही माळावरचे दगड वेचतो आहोत. विमान उतरायला सहाशे यार्ड पट्टी हवी. दगड वेचून कडेला बांध घातला, तो आता गुडघ्याएवढा झाला आहे. हाताची साल गेली. ऑफिसात टाइप करताना बोटं चिकटतात. हेडक्लार्क म्हणतात, "केदारे, तुम्ही विमानात बसणार की रस्त्याच्या कामावर लागलात?"

दुपारी बाभळीखाली भाकरी सोडतो. बहिरू त्याची शिदोरी न विचारता माझ्यापुढं सरकवतो आणि माझी ओढून घेतो. म्हणतो लताच्या हातची चटणी लय भारी. माळाशेजारच्या वस्तीवरची नवसाबाई पाण्याची कळशी आणते, आमच्यातल्या प्रत्येकाला विचारते, "आज तरी येतंय का तुमचं इमान?"

आम्ही सहा उरलो. छत्र्या सहा, माणसं सहा. सुभेदार म्हणाले, हिशेब देवानंच जुळवला.

२६ सप्टेंबर, रविवार

परवानगी आली! माझ्या एकोणतिसाव्या पत्राला. जानेवारीत एक दिवस विमान मिळेल. लिफाफा मी शुक्रवारी फोडला, ऑफिसातच, आणि हेडक्लार्कना पेढे दिले.

आबासाहेबांनी आनंदानं घरी सत्यनारायण घातला. आम्हा सगळ्यांना बोलावलं होतं. मी नवा शर्ट घालून गेलो. दारातच आबासाहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, म्हणाले, "सहादू, बरं झालं आलास. विमानवाल्यांना आजच्या आज उत्तर गेलं पाहिजे. बाहेरच्या ऑफिसच्या खोलीत मशीन आहे, तेवढं उरकून घे." मी दोन पानी पत्र टाइप केलं, मग त्यांनी आणखी एक दिलं. आतून आरती ऐकू येत होती, मग पंगतीचा आवाज. बहिरू ताट घेऊन बाहेर आला, स्वतःचंही आणि माझंही. आम्ही टाइपरायटर बाजूला सारून तिथंच जेवलो.

घरी आल्यावर आईनं विचारलं, "आत बोलावलं का तुला?"

"काम तातडीचं होतं."

आईनं माझ्याकडं पाहिलं आणि भांडी घासायला गेली. पत्र खरोखरच तातडीचं होतं. रविवारी टपाल निघत नाही हे मात्र मला आत्ता लिहिताना आठवलं.

१२ डिसेंबर, रविवार

नवीन माणूस आला. आबासाहेबांचा पुतण्या दौलत, वय वीस, पुण्याला शिकतो. मोकळा, हसरा मुलगा आहे. मला "सहादूभाऊ" म्हणतो. ओट्यावरून उडी छान मारतो, पण पडताना हसतो आणि एक पाय पुढं काढतो. सुभेदारांनी दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगणार होते, पण आबासाहेब बाजूला उभे होते.

२ जानेवारी १९८३, रविवार

दौलत आज नव्हता. पुण्याला परीक्षा आहे म्हणे. आम्ही सहाजणांनी दिवसभर खोट्या विमानातून उड्या मारल्या, लाकडी चौकटीतून. दार, हात चौकटीवर, सुभेदारांचा हात पाठीवर, "जा!" चोवीस वेळा. चोविसाव्यांदा मला खाली पोचेपर्यंत काहीच ऐकू आलं नाही, इतकं बरं वाटलं.

१६ जानेवारी, रविवार

पुढच्या रविवारी उड्या. विमानात एका वेळी दोघंच, सुभेदार तिसरे. तीन फेऱ्या, सहा माणसं.

आबासाहेबांनी यादी हातानं लिहून दिली आणि म्हणाले, "चार प्रती काढ." मी कार्बन लावले. टाइप करत गेलो. पहिली फेरी, दोन नावं. दुसरी फेरी, बहिरू आणि आणखी एक. तिसरी फेरी, एक नाव, आणि दौलत. मग कागदावर काही उरलं नव्हतं. मी कागद उलटून पाहिला. मागं कोरा होता.

आबासाहेब म्हणाले, "तू सचिव. जमिनीवर जबाबदार माणूस पाहिजे. शिवाय घड्या तुझ्या. घडीवाल्यालाच काही झालं तर क्लबचं काय?"

मी "बरोबर आहे" म्हणालो. चारही प्रती स्वच्छ आल्या.

सुभेदार जीपपाशी उभे होते. मी विचारलं, "तुम्हाला माहीत होतं?" ते म्हणाले, "यादी माझी नाही, सहादू." त्यांचा जावई आबासाहेबांच्या एजन्सीत आहे आणि ते स्वतः आबासाहेबांच्याच चाळीत राहतात. त्यांची अडचण मला कळते.

१७ जानेवारी

लताला सांगितलं. तिनं चूल विझवली आणि म्हणाली, "घड्या करायला जाऊ नका."

मी म्हणालो, "मग कोण करणार?"

"तेच तर."

तिला क्लब म्हणजे काय ते कळत नाही. सहाजणांचा जीव आहे. बहिरूचा जीव आहे.

२२ जानेवारी, शनिवार

रजा घेऊन शाळेच्या खोलीत दिवसभर सहा घड्या केल्या. प्रत्येक घडीनंतर हात धुतले, पाणी प्यालो, मगच पुढची. सहावी दौलतची. ती करताना मनात एक वाईट विचार आला. तो इथं लिहिणार नव्हतो, पण लिहितो: ही माझी असती. बस्, तेवढंच. विचार आला तेव्हा मी दोऱ्यांपर्यंत आलो होतो. म्हणून मी ती पूर्ण उघडली आणि पहिल्यापासून परत केली.

२३ जानेवारी, रविवार

लिहिणं अवघड आहे. क्रमानं लिहितो.

साडेसातला विमान आलं. आमच्या पट्टीवर उतरलं, आम्ही वेचलेल्या दगडांच्या बांधाशेजारून धावत गेलं आणि थांबलं. नवसाबाई रडली. माळाभोवती चार गावांची माणसं जमली होती.

पहिली फेरी. दोन ठिपके सुटले. मी तोंडानं मोजत होतो. तीनला दोन्ही छत्र्या फुलल्या. दुसरी फेरी. बहिरू तीनला उघडला. वरून त्याची आरोळी खालपर्यंत ऐकू आली. तो पडला, लोळला, उठला आणि छत्री गुंडाळायची सोडून माझ्याकडं धावत आला. मला मिठी मारली. "सहादू, वर काय शांत हाय रे! वारं बी बोलत नाय!" मला म्हणाला, "तुझी हाय ती उडी. मी फकस्त बसलो होतो तिच्यात."

तिसरी फेरी सव्वादहाला. वारा थोडा वाढला होता. पहिला सुटला, तीनला उघडला. मग दौलत सुटला. मी एक हजार म्हणालो, दोन हजार म्हणालो, आणि डोळे मिटले. का मिटले ते माहीत नाही. आधीच्या पाचही छत्र्यांना मिटले नव्हते. उघडले तेव्हा छत्री भरलेली होती, गोल. किती मोजून झाले ते मला सांगता येणार नाही.

तो खाली येत होता तेव्हा हात हलवत होता आणि पायांनी सायकल मारल्यासारखं करत होता. लोक हसत होते. जमीन जवळ आली तेव्हा त्यानं उजवा पाय लांब पुढं काढला. आवाज मी ऐकला. काटकी मोडल्यासारखा नव्हता. ओलं लाकूड मोडतं तसा होता.

मांडी दोन ठिकाणी आणि कंबर. जीपमधून नेला. आबासाहेब जाताना माझ्याकडं एकदाच वळले. "घडी कुणाची होती?"

मी म्हणालो, "माझी."

२६ जानेवारी

दवाखान्यात गेलो होतो. दौलतची आई सगुणाबाई बाकावर बसलेल्या होत्या. मला ओळखत नव्हत्या. मी सांगितलं, मी सहादू केदारे, घड्या मी करतो. त्यांनी माझ्या हातांकडं पाहिलं. मग म्हणाल्या, "काय झालं होतं हो तुमच्या हातांना त्या दिवशी?"

मला आत जाऊ दिलं नाही. मुलगा चालेल, पण काठी लागेल असं नर्सनं सांगितलं.

परत येताना सबंध रस्ता मी मनात घडी केली. चौदावी पाकळी, पंधरावी पाकळी. प्रत्येक वेळी बरोबर येते. पण तो विचारही प्रत्येक वेळी येतो.

३ फेब्रुवारी

बातमी छापून आली. अननुभवी कारकुनानं छत्रीची घडी चुकीची घातल्यामुळं तरुण जायबंदी. क्लबच्या अध्यक्षांच्या सांगण्यानुसार. सरकारी चौकशी होणार असंही लिहिलं आहे. नाव छापलं आहे, वस्तीचंही. हेडक्लार्कनी कागद माझ्या टेबलावर ठेवला. मी दिवसभर आवकजावक लिहिली.

विहारापाशी दोनचार जण थांबले होते. त्यांनी विचारलं, निवेदन देऊ का? मी म्हणालो, थांबा, माझी चूक असेल तर? ते एकमेकांकडं पाहायला लागले.

माझी चूक असेल तर. हे मी फक्त त्यांना म्हणालो नाही.

१२ फेब्रुवारी, शनिवार

संध्याकाळी सुभेदार घरी आले. पहिल्यांदाच. बाहेरच उभे होते, लतानं आत बोलावलं. खाटेवर बसले, टोपी गुडघ्यावर.

म्हणाले, "सहादू, मी दारात होतो. पट्टा माझ्या हातात होता. मी खाली बघत होतो."

मी म्हणालो, "किती मोजलं?"

"तीन."

"नक्की?"

"तीनला भरली. गोल. एक दोरी इकडची तिकडं नव्हती. पोरानं पाय काढला. मी त्याला नीट शिकवलं नाही, आणि न शिकवता चढवला. घडीत काही नव्हतं."

मला रडू आलं. तीन आठवडे छातीत धरलेलं काहीतरी सुटलं. मी त्यांचे पाय धरले. त्यांनी मागं ओढले.

लता मात्र उभीच होती. ती म्हणाली, "मामा, हे तुम्ही चौकशीत सांगणार का?"

सुभेदार टोपी फिरवत राहिले. "सांगीन," म्हणाले. "सांगतो."

ते गेल्यावर लता माझ्यावर चिडली. "त्यांचे पाय कशाला धरले? त्यांनी धरायला पाहिजे होते." मी म्हणालो, "त्यांनी तीन सांगितलं ना." ती म्हणाली, "तुम्हाला एवढंच ऐकायचं होतं?"

हो. खरं तर एवढंच.

२४ फेब्रुवारी, गुरुवार

चौकशी झाली. मुंबईहून विमान खात्याचे एक साहेब आले होते. आबासाहेबांनी आधीच लेखी दिलं होतं. दौलतचं निवेदनही होतं, त्यावर त्याची सही होती आणि अक्षर दुसऱ्या कुणाचं तरी.

सुभेदारांना साहेबांनी विचारलं, "छत्री किती वेळात उघडली?"

सुभेदार सावधान उभे होते. आबासाहेब भिंतीशी खुर्चीवर बसले होते.

"साहेब, वाऱ्याचा आवाज होता. आता आठवत नाही."

"दोष होता असं म्हणता येईल?"

"असू शकतो, साहेब."

बहिरू मागून ओरडला, "खोटं हाय!" त्याला बाहेर काढलं.

मग मला. "घडी तुमची?"

"हो."

"तुम्ही कुठं शिकलात?"

"सुभेदार साहेबांकडं."

"किती उड्या मारल्यात?"

"एकही नाही."

साहेबांनी लिहून घेतलं. मी म्हणालो, "साहेब, ती छत्री मला परत तशीच बांधू द्या. मी तिच्यावर आज उडी मारतो." ते हसले नाहीत, चांगले गृहस्थ होते. म्हणाले, "केदारे, आता विमान कुठून आणायचं?"

सुभेदार बारा दिवसांपूर्वी काय बोलले ते मी तिथं सांगू शकलो असतो. जिभेवर आलं होतं. त्यांच्याकडं पाहिलं. लंगडा पाय दुसऱ्याला जुळवून ते अजून सावधान उभे होते. मी गप्प बसलो. लताला हे कसं सांगायचं ते अजून ठरलेलं नाही.

१ मार्च

लताला सांगितलं. दोन दिवस ती नुसतं ताट वाढते.

आई म्हणाली, "तू लय सभ्य हाईस, सहादू. मी तुला तसा करायला नको होता."

१९ मार्च, शनिवार

क्लब बंद झाला. परवानगी रद्द. मला घडीला हात लावायची कायमची मनाई, तसं पत्र आलं आहे. ऑफिसातून लांब डोंगरातल्या पेठला बदलीचा हुकूमही निघाला. दोन्हींचा संबंध नसेल.

छत्र्या जमा करून घ्यायला विमान खात्याचे एक अधिकारी आणि दोन शिपाई टेम्पो घेऊन शाळेत आले. सचिव म्हणून मला बोलावलं होतं. बहिरू आपणहून आला होता. सहाही छत्र्या त्या दिवसापासून तशाच गोळा करून कोपऱ्यात टाकलेल्या. शिपायांनी पोत्यात कोंबायला घेतल्या, पण एकेक पोतं फुगायचं आणि टेम्पोत सहा मावेनात. अर्धा तास खटपट चालली.

अधिकारी घाम पुसत म्हणाले, "हे बारीक कसं करतात हो? कुणाला येतं?"

मग बहिरू म्हणाला, "यालाच येतं. पन त्याला मनाई हाय. तुमच्याच लोकांनी दिलीय."

अधिकारी माझ्याकडं पाहायला लागले. "उरकून टाका हो. कोण बघतंय?"

मी हात धुवून आलो. बहिरूनं टोक धरलं. एकेक पाकळी, डावीकडच्या डावीकडं, उजवीकडच्या उजवीकडं. शिपाई आधी घाई करत होते, मग भिंतीला टेकून पाहत बसले. पाचवी झाल्यावर एकानं बिडी विझवली आणि दोऱ्या सरळ धरायला पुढं आला. सहावी दौलतची होती. मी तिची प्रत्येक पाकळी उजेडाला धरून पाहिली. कुठं फाट नाही, दोऱ्या काचलेल्या नाहीत, पिळाची खूण नाही. बहिरूही पाहत होता. आम्ही दोघांनी एकमेकांना काही सांगितलं नाही. ते सांगायचं कुणाला?

सहा पिशव्या भिंतीशी लागल्या. अधिकाऱ्यांनी पावती लिहून माझ्यापुढं केली. त्यावर लिहिलं होतं: जुने कापड, सहा नग.

मी म्हणालो, "साहेब, हवाई छत्र्या असं लिहा."

ते म्हणाले, "आमच्या रजिस्टरात तसा रकाना नाही. कापडच आहे ना?"

बहिरू काहीतरी बोलणार होता. मी त्याचा हात धरला. पेन घेतलं आणि सही केली.